अडीच बोटांचं कपाळ

माणसाचं कपाळ कुठं संपतं अन् केस कुठून सुरू होतात, याची पंचाईत करून कोणाचं भलं झालेलं मी आजवर पाहिलं नाही. पंचाईत करणारे मात्र भरपूर पाहिले, अन् त्यातला सगळ्यात मोठा माझ्याच मायचा सख्खा भाऊ होता. आम्ही त्यांना खामगावचे मामा म्हणायचो. तिथल्या एका कापसाच्या जिनात ते कारकून होते. मॅट्रिकपर्यंत शिकलेले, खिशाला पेन, अन् पेनाला टोपण नसल्यामुळं सदऱ्यावर कायमचा निळा डाग. मामाचं एक शास्त्र होतं. पोराला समोर उभं करायचं, त्याच्या भुवईवर आपली बोटं आडवी ठेवायची, अन् केसांपर्यंत किती मावतात ते पाहायचं. चार बोटं भरली तर पोरगं खुर्चीवर बसणार. तीन भरली तर दुकानात बसणार. तिनाच्या खाली गेलं की बैलाच्या मागं चालणार. हे शास्त्र त्यांना कोणी शिकवलं ते त्यांनी कधी सांगितलं नाही, अन् विचारायची आमच्या घरात कोणाची छाती नव्हती, कारण मॅट्रिक झालेलं दुसरं कोणी नव्हतं. मामाचं स्वतःचं कपाळ चांगलं पाच बोटं होतं. ते जन्मापासून तसं नव्हतं, केस झडून झडून झालं होतं. दोन्ही बाजूंनी मैदान आत घुसलेलं अन् मधात केसांचं एक बेट उरलेलं. आम्ही त्याला टक्कल म्हणायचो, मामा त्याला नशीब म्हणायचे. दर दिवाळीला यायचे तेव्हा त्यांचं नशीब अजून जरासं मागं सरकलेलं असायचं. खुर्ची मात्र तीच, एका पायाला पाचर ठोकलेली.

आमच्या घरात म्हणाल तर कपाळाचे सगळे नमुने होते. बाबांच्या केसांची कड एका रेषेत, वखर फिरवून शेताचा धुरा सोडल्यासारखी सरळ. मायच्या कानशिलावर बारीक लव उतरलेली, ती भाकरी थापायला बसली की घामानं गालाला चिकटायची, अन् पिठाच्या हातानं ती मागं सारता सारता सारं कानशील पांढरं व्हायचं. सुमन, माझी धाकटी बहीण, तिचं कपाळ गोल, वाटी उपडी ठेवल्यासारखं. अन् माझे केस आपले खाली उतरून आलेले, त्यात मधोमध एक टोक, पिंपळपानाच्या शेंड्यासारखं, थेट नाकाकडं पाहणारं. माझ्या आज्याचं तसंच होतं म्हणतात. आज्यानं काळ्या पाषाणात विहीर खोदली तेव्हा त्याच्या कपाळाला कोणी बोट लावून पाहिलं नव्हतं, हे त्याचं नशीब. कापूस निघाला की आमची पुढची खोली आढ्यापर्यंत भरायची, मग पाव्हण्यारावळ्यांनी कापसावरच बसायचं. मामा आले की त्या ढिगात कमरेपर्यंत रुतून बसायचे, मायच्या हातचं वांग्याचं भरीत अन् कळण्याची भाकर हाणायचे, अन् बोटं चाटून झाली की तीच बोटं कोणाच्या तरी कपाळावर ठेवायचे.

चौथी पास झालो तेव्हा माझी पाळी आली. बाबांना मला पुढं शिकवायचं होतं, तालुक्याला ठेवायचं मनात होतं, म्हणून त्यांनी मामाला बोलावलं. मामानं माझी हनुवटी वर केली, भुवईवर बोटं टेकवली. बोटांना लसणाचा वास येत होता. "अडीच," मामा म्हणाले. बाबा म्हणाले, "अजून एक डाव पाह्यनं, नीट." तर मामा म्हणतात, "भाऊजी, टोक धरून मोजलं तं दोनच भरते. मी बाजूनं मोजलं, भाचा हाये म्हणून." झालं. माझं पाटी-पुस्तक सुमनकडं गेलं अन् माझ्या हातात कासरा आला. गुरुजी घरी येऊन सांगून गेले की पोरगं हुशार आहे, काढू नका. पण गुरुजींचंच कपाळ तीन बोटं होतं, त्यांचं कोण ऐकतं!

आता माझी नातवंडं खामगावच्या सलूनमध्ये जातात, तिथला पोऱ्या पेन्सिलीनं कपाळावर रेघ मारतो अन् वस्तऱ्यानं केसांची कड अशी कोरतो की शेताचा बांध वाटावा. एक चुलत नातू तर दवाखान्यात जाऊन डोक्यामागचे केस उपटून समोर लावून आला. कांद्याची रोपं वाफ्यात लावतात तसे एकेक करून लावले म्हणे, अन् महिनाभर पोरगं उशीला डोकं टेकवेना. मी त्याला विचारलं, "काऊन बे, कपाळ मोठं झालं होतं तं भाग्य वाढलं असतं ना?" तो म्हणतो, "आबा, टकल्याले पोरगी कोण देते?" ऐकून मला इतकं बरं वाटलं की त्या दिवशी मी दोन वेळा चहा घेतला. मामा असते तर त्यांना मोटारसायकलवर बसवून त्या दवाखान्यात नेलं असतं.

तर माझ्या लग्नाची गोष्ट. मी बैलाच्या मागं चालत होतो, चांगलं चालत होतो, आमच्या शेतासारखी नांगरट शिवारात कोणाची नव्हती, हे मी सांगायची गरज नाही पण सांगतो. वय झालं तसं सोयरिकीचं बोलणं निघालं. मामाच्या जिनात दुसरबीडचे भिकाजी म्हणून एक शेतकरी कापसाची गाडी घेऊन यायचे, त्यांची पोरगी लग्नाची होती. साधा माणूस. त्यांनी मामाला फक्त इतकं विचारलं की पोरगा शेती पाहतो का अन् दारू पितो का. एवढ्यावर मामानं थांबायचं ना! पण नाही. मामा म्हणाले, "पोराचं कपाळ चार बोटं हाये, राजयोग हाये, आज शेतीत हाये पण उद्या पाहा." भिकाजीनं कपाळाचं काही विचारलंच नव्हतं. तरी मामानं सांगून टाकलं, अन् भिकाजीच्या घरी ते पोचलं, अन् भिकाजीची बहीण, जी त्या घरात सासरपेक्षा जास्त राहायची, तिनं ते सगळ्या आळीला सांगितलं की चार बोटं कपाळाचा जवाई पाहायला येतो आहे.

पाहायला जायच्या आदल्या दिवशी मामा आमच्या घरी आले, अन् तेव्हा त्यांनी हे उघड केलं. माय कपाळावर हात मारून बसली. बाबा म्हणाले, "आता कसं करायचं? पोराचं तं अडीच हाये, तुम्हीच मोजलं होतं." मामाजवळ उत्तर तयार होतं. "दीड बोट भादरून टाकू. केस काय, लग्न लागेपर्यंत भादरत राहू, मंग उगवू दे." मी म्हटलं, "मी नाही भादरत." मी जिद्दी होतो अन् आहे. पण बाबा मला गोठ्यात घेऊन गेले अन् म्हणाले, "गजा, सुमन पुढच्या साली लग्नाची होते. मोठ्याचं ठरलं नाही तं तिले कोण इचारन? तुह्या मामानं शब्द देऊन ठेवला, आता खोटं पडू देऊ नको." बहिणीचं नाव काढलं म्हणून मी मान खाली घातली. दुसऱ्या कोणत्याच कारणानं घातली नसती.

पहाटेच किसन न्हावी आला. कडुनिंबाखाली पोतं टाकून बसलो. किसननं वस्तरा पाजळला अन् विचारलं, "चार बोटं म्हणजे कोणाची?" तिथंच तंटा सुरू झाला. मामाची बोटं लेखणी धरून धरून काटकुळी, बाबांची खुरप्याच्या मुठीएवढी. मामाच्या बोटांनी थोडंच भादरावं लागत होतं, बाबांच्या बोटांनी पार टाळूपर्यंत जावं लागत होतं. "भिकाजीची बोटं कशी हायेत?" किसननं विचारलं. मामाला आठवेना. मग मामा म्हणाले, "मोठीच धर. जास्त झालं तं बिघडत नाही, कमी नको पडायले." अन् किसननं माझ्या आज्यानं दिलेलं टोक दोन हातात उडवून दिलं. माय पाहायला बाहेर आली अन् तिच्या हातातलं ताट वाकडं झालं. माझं कपाळ उन्हानं रापून काळंभोर, अन् त्याच्या वर, जिथं जन्मात ऊन लागलं नव्हतं तिथं, पांढरीफटक चामडी. भाकर एका अंगानं करपावी अन् दुसऱ्या अंगानं कच्ची राहावी तशी. मामा म्हणाले, "त्यात काय, तव्याचं काळं तेलात कालवून लाव." मायनं लावलं. वरून पांढरी टोपी घातली. अन् आम्ही तिघं, मी, बाबा अन् मामा, एसटीत बसलो. चिखलीपर्यंत टोपीच्या आत घामाचा ओघळ सुरू झाला होता. दुसरबीडला उतरलो तोवर मायचं सारं औषध टोपीच्या अस्तराला लागलेलं होतं अन् कपाळ होतं तसं दुरंगी.

भिकाजीचं घर स्वच्छ, शेणानं सारवलेलं, अंगणात हरभऱ्याचा ढीग. पाव्हण्यांसाठी घोंगडी टाकलेली. पोह्यांच्या फोडणीचा वास येत होता, अन् आत बांगड्यांचा आवाज, म्हणजे पोरगी तयार होत होती. तिथं रीत अशी की पोरगी बाहेर येण्याआधी पाव्हण्यांना टिळा लावायचा. आत्याबाई, म्हणजे भिकाजीची तीच बहीण, कुंकवाचं ताट घेऊन आली. बाबांना लावला, मामांना लावला, माझ्यापुढं आली अन् म्हणाली, "पाव्हणं, टोपी जरा वर घ्या, राजयोग दिसू द्या की आम्हाला." मी घेतली नाही. तिनंच अंगठ्यानं वर सरकवली. अन् ताट तिच्या हातून तसंच माझ्या मांडीवर आलं.

"अगं बाई," ती म्हणाली, "ह्याला तर कोड हाय!"

आज पोरंसोरंही सांगतात की कोड म्हणजे चामडीचा रंग जाणं, त्यानं कोणाचं काही वाईट होत नाही, ते लागत नाही, काही नाही. तेव्हा शहाणीसुरती माणसं कोडाचं नाव काढलं की ओसरीवरून पाय खाली घ्यायची. ज्या घरात कोड निघालं म्हणतील त्या घरच्या पोरीला कोणी दारात उभं करत नव्हतं. मला आधी सुमन डोळ्यांपुढं दिसली. खोटं कोड घेऊन मी घरी जाईन, अन् खरा डाग तिला लागेल.

मी तोंड उघडणार तेवढ्यात मामा बोलले. मामांनी गप्प बसायला पाहिजे होतं, पण मॅट्रिक झालेल्या माणसाला ते जमत नाही. "छे छे," मामा म्हणाले, "कोड नाही ते. ते त्याले जन्मापासूनच हाये. भाग्याचं लक्षण हाये." मी म्हणतो, एखाद्याला बुडवायचं असेल तर दुश्मनालाही इतकं नेमकं सुचत नाही. मी ओरडलो, "जन्मापासून नाही! यांनी आज सकाळी वस्तऱ्यानं भादरलं!" मामा हसले अन् भिकाजीला म्हणाले, "पोरगं घाबरलं बिचारं, काहीबी बोलून राह्यलं." बाबा मामाकडं पाहत राहिले, अन् इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मेव्हण्याचं कपाळ त्यांना नीट दिसत असावं.

भिकाजी भला माणूस. त्यांनी हात जोडले. "पोहे खाऊन घ्या," म्हणाले, "मग सावकाश निघा. खालच्या गाडीला जागा मिळते." पोरगी बाहेर आली नाही. बांगड्यांचा आवाजही थांबला. मामा पोहे खायला लागले सुद्धा. बाबा उठले, पायात वहाणा घातल्या. मी मात्र टोपी काढली, मांडीखाली दाबली अन् घोंगडीवर पक्का बसलो.

"मी जात नाही," मी म्हटलं. "केस उगवू द्या, मंगच जाईन. कोड असन तं केस पांढरे येतीन, अन् ही पांढरी चामडी उन्हात रापणार नाही. भादरलं असन तं काळे येतीन. तुम्हीच पाहा, सारं गाव बोलवा."

"आमच्या घरी राहता?" भिकाजी म्हणाले.

"गोठ्यात राहातो. फुकट नाही खात. तुमचा हरभरा शेतात उभाच हाये, सोंगायचा बाकी, येता येता पाह्यला मी."

आत्याबाई म्हणाली, "दादा, हा येडा बी हाय." भिकाजीनं मिशीवरून हात फिरवला अन् गोठ्याकडं बोट केलं. हरभरा खरंच बाकी होता, अन् मजूर मिळत नव्हते. माझ्या लग्नाची गाडी त्या हरभऱ्यामुळं अडकून राहिली, नाहीतर गेली होती. बाबा अन् मामा परत गेले. मामानं खामगावात सांगितलं की भाचा घरजावई राहिला.

मग सुरू झाली माझी जत्रा. मी मुद्दाम उघड्या डोक्यानं हरभरा सोंगायचो, अन् बांधावर माणसं येऊन उभी राहायची. दुसऱ्या दिवशी काळे ठिपके दिसले. आत्याबाई म्हणाली, डागावर बी आधी काळेच येत्यात, मग पांढरे होत्यात. त्यांची बोली आमच्यासारखी नाही, जालन्याकडं झुकलेली, त्यामुळं मला शिव्याही जरा गोड लागायच्या. किराणा दुकानवाला आला, तो माझी मान धरून उन्हाकडं फिरवून पाहायचा. पारावरचे म्हातारे आले. एका म्हाताऱ्यानं टोपी काढून आपलं दाखवलं, एका बाजूनं केस खाली, दुसऱ्या बाजूनं वर, अंगठाभर फरक. दुसऱ्यानं काढली, त्याच्या कपाळावर भोवरा, केस गाईनं चाटल्यासारखे उलटे. मग ज्यानं त्यानं टोप्या काढल्या, अन् बांधावर माणसं एकमेकांची कपाळं पाहत उभी. कोणा दोघांचं सारखं नव्हतं. भिकाजीचं तर मागं गेलेलं होतं, मामासारखंच पाच बोटं, अन् त्यांच्या नशिबी काय आलं होतं? सोंगणीला माणूस मिळत नव्हता. मी हे बोलून दाखवलं तेव्हा भिकाजी पहिल्यांदा हसले, अन् त्या दिवशी मला भाकरीवर लोण्याचा गोळा आला.

मधात बाबा एकदा धोतर-सदरा घेऊन आले. "चाल घरी," म्हणाले, "लोक हसून राह्यले." मी म्हटलं, "हसू द्या, हसून हसून थकतीन." बाबांनी माझं डोकं दोन्ही हातांत धरून पाहिलं. पांढरी चामडी उन्हानं सोलून रापली होती अन् मधोमध ते टोक परत फुटत होतं, काळं, जाड, कुंचल्यासारखं. बाबा म्हणाले, "तुह्या मामाचं ऐकून मी तवा तुले शाळेतून..." मग भिकाजीचा बैल किती दाताचा आहे ते विचारलं, अन् पोहे न खाता निघून गेले.

हरभरा खळ्यात आला तोवर माझं कपाळ परत अडीच बोटं झालं होतं. आत्याबाईनं सगळ्यांसमोर माझा एकेक केस ओढून पाहिला. पांढरा एकही निघाला नाही. तिला फार वाईट वाटलं. भिकाजी म्हणाले, "गडी खरा हाय. मी बापाला निरोप धाडतो," अन् माझ्या हातात सुपारी ठेवली. मी सुपारी खिशात टाकली, खळ्याच्या कडेला जाऊन हातपाय धुवायला बसलो. सारं गाव मला पाहून गेलं होतं, पण ज्या पोरीसाठी हे चाललं होतं तिचं तोंड मी पाहिलेलं नव्हतं. तेवढ्यात ती तांब्या घेऊन आली. गोदा तिचं नाव. तांब्या खाली ठेवला अन् पदर मागं घेतला. तिच्या केसांची कड वाकडी, डाव्या अंगानं वर चढलेली, उजव्या अंगानं पार भुवईच्या टोकापर्यंत लव.

"पाहून घ्या," ती म्हणाली. "मी काही भादरत बसणार नाही."

"मले पसंत हाये," मी म्हटलं.

"तुमची पसंती सगळे धरूनच चालले. माझी कोणी इचारली का?"

कोणीच विचारली नव्हती. मी ओल्या हातानं तांब्या उचलला, घटाघट रिकामा केला अन् उभा राहिलो. "मंग मी इचारतो. तुले पसंत हाये का?"

तिनं लगेच हो म्हटलं नाही. "कालच्या पिठल्यात मी मीठच टाकलं नव्हतं," ती म्हणाली. "मुद्दाम. तुम्ही सारं खाल्लं, वरून मागून घेतलं. एक शबूद नाही. अशा माणसासंगं जलम काढायचा तर बाईला कळायचं कसं, काय चुकलं अन् काय नाही?"

मला तर ते माझं मोठेपण वाटलं होतं. मी घशात अडकत असताना गिळलं होतं ते पिठलं, कोणाला बोलायला जागा मिळू नये म्हणून.

"अळणी होतं," मी म्हटलं. "लई अळणी होतं. कुत्र्यानं खाल्लं नसतं."

"मग हाय पसंत," ती म्हणाली, अन् रिकामा तांब्या उचलून घरात गेली.